फ्रीज थंडी कुठून आणतो?

फ्रीज चालू असताना त्याच्या बाजूच्या पत्र्यावर हात ठेवून पाहा. उन्हाळ्यात तर तो चांगलाच गरम लागतो. जुन्या फ्रीजच्या पाठीमागे काळी जाळी असायची, तीही अशीच तापायची. आत पाण्याची बाटली गारेगार आणि बाहेर पत्रा गरम! हे पाहून कितीतरी घरांतून मेकॅनिकला फोन जातो. पण फ्रीज बिघडलेला नसतो. पत्रा गरम होतोय याचा अर्थ फ्रीज त्याचं काम चोख करतोय. ही उष्णता आली कुठून हे एकदा समजलं की फ्रीज समजला, एसी समजला आणि पिंपळगाव बसवंतपासून दिंडोरीपर्यंत द्राक्षांच्या हंगामात रात्रंदिवस घरघरणारी कोल्ड स्टोरेजही समजली.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. थंडी तयार करता येत नाही. जी असते ती उष्णता. एखाद्या वस्तूत ती कमी असली की आपण त्या वस्तूला गार म्हणतो. बर्फाच्या खड्याला बोट लावलं तर बर्फातून काही बोटात शिरत नाही. बोटातली उष्णता बर्फात जाते आणि ती गेलेली आपल्याला गार म्हणून जाणवते. उष्णता आपणहून जाते ती नेहमी जास्त तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे. म्हणून कपातला चहा निवतो. तोच चहा ठेवल्या ठेवल्या पुन्हा उकळायला लागला, असं कधी होत नाही.

फ्रीजला नेमकं हेच उलटं काम करायचं असतं. आतला कप्पा ४ अंशांवर आणि स्वयंपाकघर ३५ अंशांवर. आतली उष्णता बाहेर काढायची म्हणजे गार जागेतून गरम जागेत न्यायची. पाणी उतारावर आपणहून वाहतं, पण विहिरीतलं पाणी वर मळ्यात आणायचं तर मोटार लावावी लागते आणि विजेचं बिल भरावं लागतं. फ्रीज ही उष्णता उपसणारी मोटार आहे. तुम्ही हात लावला तो गरम पत्रा म्हणजे उपसलेली उष्णता ओतण्याची जागा.

आता प्रश्न असा, की उष्णता हातात धरता येत नाही, मग ती उपसायची कशी?

त्याचं उत्तर घरातल्या माठाकडे आहे. माठाच्या भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी पाझरून बाहेर येतं आणि वाळतं, म्हणजे त्याची वाफ होऊन हवेत मिसळते. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, आणि थोडीथोडकी नाही. एक लिटर पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापवायला जितकी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. माठावर पाणी उकळत नाही, नुसतं वाळतं. तरी वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता कुठून तरी घ्यावीच लागते. ती माठाच्या भिंतीतून आणि आतल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून आतलं पाणी गार होतं. हातावर सॅनिटायझर चोळल्यावर हात गार पडतो, त्याचंही कारण हेच.

एप्रिलमध्ये नाशिकची हवा कोरडी असते, तेव्हा माठ झकास काम करतो. तोच माठ जुलैत इगतपुरीला ठेवला तर पाणी जेमतेम निवेल. तिथली हवा आधीच ओली असते, त्यामुळे माठावरचं पाणी वाळायलाच तयार नसतं. माठाची आणखी एक अडचण म्हणजे एकदा वाफ झालेलं पाणी गेलं ते गेलंच, म्हणून माठ रोज भरावा लागतो. फ्रीजने या दोन्ही अडचणींवर उपाय काढला. त्याने पाण्याऐवजी दुसरा द्रव घेतला, तो नळीत बंद केला, आणि झालेली वाफ पकडून तिचा पुन्हा द्रव करण्याची सोय केली.

वाफेचा पुन्हा द्रव कसा होतो हे समजायला दाबाची गंमत पाहावी लागेल. पाणी १०० अंशांना उकळतं हे आपण पुस्तकात वाचतो, पण ते समुद्रसपाटीला. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब थोडा कमी, त्यामुळे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई शिखर आहे. तिथे चूल मांडली तर ९५ अंशांच्या आसपासच पाण्याला उकळी फुटेल. उलट कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढवला की पाणी १२० अंशांपर्यंत तापल्याशिवाय उकळत नाही, म्हणूनच डाळ लवकर शिजते. थोडक्यात, द्रवावरचा दाब कमी केला की तो कमी तापमानाला उकळतो, आणि वाफेवर दाब वाढवला की ती जास्त तापमानालाही पुन्हा द्रव होऊ शकते. फ्रीजचं सगळं तंत्र या एका वाक्यावर उभं आहे.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर सकाळी एखाद्या गर्दीच्या मिसळीच्या हॉटेलात जा. भट्ट्या जोरात चालू असतात तेव्हा मोठ्या सिलिंडरकडे लांबूनच नीट पाहा. खालच्या भागावर घाम आल्यासारखे पाण्याचे थेंब दिसतात. हिवाळ्यात, गॅस फारच वेगाने ओढला जात असेल तर पांढरं दंवही धरतं. ते एका ठरावीक उंचीपर्यंतच असतं. सिलिंडरमधला द्रव त्या पातळीपर्यंत आहे, असं समजा. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू दाबाखाली द्रवरूपात भरलेले असतात. शेगडी पेटली की वरची वाफ निघून जाते, दाब उतरतो आणि आतला द्रव उकळायला लागतो. हो, थंड सिलिंडरमध्ये द्रव उकळत असतो! उकळायला लागणारी उष्णता तो सिलिंडरच्या पत्र्यातून ओढतो, पत्रा गार पडतो, आणि त्या गार पत्र्यावर हवेतली वाफ थेंब होऊन बसते. (हे फक्त बघायचं आहे. सिलिंडरशी कुठलाही प्रयोग करायचा नाही.)

आजच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये जो गॅस असतो, तो या ब्युटेनचाच एक प्रकार आहे, आयसोब्युटेन. मेकॅनिक त्याला आर-६००ए म्हणतात. साध्या हवेच्या दाबाला तो उणे १२ अंशांच्या जवळपास उकळतो. अख्ख्या फ्रीजमध्ये तो साधारण ५० ग्रॅमच्या आसपास असतो. एवढासा गॅस वर्षानुवर्षं त्याच नळीत गोल गोल फिरत राहतो.

त्याच्याबरोबर एक फेरी मारू. सुरुवात फ्रीझरच्या भिंतीतल्या नळीपासून. इथे दाब इतका कमी ठेवलेला असतो की द्रवरूप आयसोब्युटेन उणे २०-२५ अंशांना उकळतो. फ्रीझरमधली कुल्फी त्याच्या मानाने 'गरम'च, म्हणून तिच्यातली उष्णता नळीत शिरते आणि द्रवाची वाफ होते. झालं, उष्णता पकडली गेली. आता ही वाफ कॉम्प्रेसरमध्ये येते. फ्रीजच्या मागे खालच्या बाजूला काळ्या रंगाचं मडक्याएवढं लोखंडी यंत्र असतं, तो कॉम्प्रेसर. त्याच्या पोटात मोटार आणि दट्ट्या असतो. दट्ट्या वाफेला दाबून दाबून हवेच्या दाबाच्या पाच-सहा पटींपर्यंत नेतो. वायू दाबला की तापतो. सायकलच्या पंपाने जोरजोरात हवा भरली की पंपाचं खालचं टोक तापतं, ते तुम्ही अनुभवलंच असेल. तशीच ही वाफही तापते, स्वयंपाकघरातल्या हवेपेक्षा पुष्कळ जास्त.

इथे खरी युक्ती आहे. आत असताना ती वाफ कुल्फीपेक्षाही गार होती, म्हणून कुल्फीतली उष्णता आपणहून तिच्यात गेली. आता ती खोलीपेक्षा गरम झाली, म्हणून तीच उष्णता आपणहून खोलीत जाते. उष्णतेने आपला नियम कुठेच मोडलेला नाही. दोन्ही वेळा ती गरमकडून गारकडेच गेली. कॉम्प्रेसरने फक्त मधल्या मध्ये वाहणाऱ्याचं तापमान बदललं. मला हे दरवेळी नव्याने आवडतं. निसर्गाशी भांडण न करता त्याच्याकडून उलटं काम करून घेतलेलं आहे.

गरम वाफ पत्र्यामागच्या नळ्यांतून फिरते, उष्णता बाहेर टाकते आणि दाबाखालीच पुन्हा द्रव होते. मग हा द्रव एका केसासारख्या बारीक तांब्याच्या नळीत शिरतो. त्या अरुंद नळीतून कसाबसा पलीकडे पोहोचेपर्यंत त्याचा दाब एकदम उतरतो, तो पुन्हा उकळू लागतो आणि फेरी पहिल्यापासून सुरू होते. रात्री सगळीकडे शांतता असताना कॉम्प्रेसर बंद झाला की फ्रीजमधून खळखळ आवाज येतो ना, तो याच नळ्यांमध्ये दाब समान होताना वाहणाऱ्या द्रवाचा.

ही फेरी समजली की एक जुना प्रश्न तुम्हाला चुटकीसरशी सुटेल. मे महिन्यात फ्रीजचं दार सताड उघडून ठेवलं तर खोली गार होईल का? हिशेब करा. समजा कॉम्प्रेसर १०० वॉट वीज घेतो आणि आतून २०० वॉट उष्णता उपसतो. मागून बाहेर पडणार ३०० वॉट, कारण घेतलेली वीजही शेवटी उष्णताच होते. समोरून २०० कमी झाले, मागून ३०० आले. म्हणजे खोली आणखी तापणार. एसीचा अर्धा भाग खिडकीबाहेर किंवा गच्चीत का टांगतात, तेही यातूनच कळेल. उपसलेलं त्याच खोलीत ओतलं तर उपसण्याला अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट घरात सांगून ठेवा. 'फ्रीजमधला गॅस संपला' असं सर्रास म्हटलं जातं. स्वयंपाकाचा गॅस जळतो म्हणून संपतो. फ्रीजमधला गॅस जळत नाही, फक्त फिरतो. तो कमी झाला असेल तर नळी कुठेतरी फुटलेली आहे. आधी गळती शोधून बुजवायची, मग गॅस भरायचा. नुसता गॅस भरून घेतला तर काही महिन्यांत पुन्हा तेच.

हे सगळं माणसाला एका दिवसात सुचलेलं नाही. १७५० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये विल्यम कलेन यांनी ईथरवरची हवा पंपाने काढून घेतली; दाब उतरल्याबरोबर ईथर उकळला आणि जवळच्या पाण्याचा थोडा बर्फ झाला. तेव्हा त्याचा उपयोग कोणाला सुचला नाही. वाफ पकडून तीच पुन्हा वापरणाऱ्या यंत्राचं पेटंट जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये घेतलं. त्याच्या आदल्याच वर्षी, १८३३ मध्ये, अमेरिकेतल्या बॉस्टनहून तळ्यांतला गोठलेला बर्फ भुशात गुंडाळून जहाजाने कोलकात्याला आला होता. इतक्या दुरून बर्फ आणणं परवडत होतं, यावरून त्या काळी गारव्याची किंमत काय होती ते लक्षात येईल.

यंत्रं आली, पण सुरुवातीचे गॅस विषारी किंवा भडकणारे होते. १९२८ च्या सुमारास सीएफसी नावाचे गॅस तयार झाले. ते जळत नाहीत, विषारी नाहीत, म्हणून सगळ्यांनी उचलून धरले. पुढे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हेच गॅस आकाशात उंच जाऊन ओझोनचा थर खातात. १९८७ मध्ये माँट्रियलला करार झाला आणि जगातले देश सीएफसी बंद करायला लागले. आपण वापरतो तो आयसोब्युटेन ओझोनला हात लावत नाही. तो पेट घेऊ शकतो हे खरं, पण फ्रीजमध्ये तो इतका थोडा असतो की धोका आटोक्यात राहतो.

आता स्वयंपाकघरातून निघून पॅकहाउसमध्ये, म्हणजे द्राक्षं पेट्यांत भरून गार करतात तिथे जाऊ. फेब्रुवारी-मार्चमध्ये निफाड, दिंडोरी, चांदवडकडे बागांमध्ये काढणी जोरात असते. आंबा, केळी झाडावरून उतरवल्यावरही पिकतात. द्राक्ष तसं नाही. वेलीवरून तोडलं त्या क्षणी जेवढी गोडी असेल तेवढीच, पुढे ती वाढत नाही. मात्र तोडलेला घड जिवंत असतो. तो श्वास घेतो, स्वतःची साखर थोडी थोडी जाळतो आणि पाणी गमावतो. सगळ्यात आधी देठ वाळतो. व्यापारी घड हातात घेतल्यावर मण्यांच्या आधी देठ पाहतो, कारण हिरवा देठ म्हणजे ताजा माल. तापमान दर १० अंशांनी उतरवलं की घडाचा श्वास दोन ते तीन पटींनी मंदावतो. म्हणून भल्या पहाटे तोडणी, सावलीतून वाहतूक, आणि पॅकिंग होताच माल सरळ प्रीकूलिंगच्या खोलीत.

ही खोली एकदा आतून पाहण्यासारखी असते. दाराला प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा. बाहेर कडक ऊन आणि आतले कामगार जाकीट आणि माकडटोपी घालून. द्राक्षांच्या पेट्यांच्या दोन उंच रांगा, मध्ये बोळ, बोळावर ताडपत्री टाकलेली आणि टोकाला मोठा पंखा. पंखा बोळातली हवा ओढून घेतो. वरून ताडपत्री असल्याने हवेला आत यायला दुसरी वाट उरत नाही. तिला पेट्यांच्या भोकांतूनच, घडांना घासत यावं लागतं. नुसत्या गार खोलीत पेट्या रचून ठेवल्या तर मधल्या पेटीपर्यंत गारवा पोहोचायला दिवस जाईल. या पद्धतीने सहा-आठ तासांत काम होतं.

यंत्र केवढं लागतं, ते काढून पाहू. दहा टन द्राक्षं ३० अंशांवरून २ अंशांवर आणायची तर त्यांतून जेवढी उष्णता काढावी लागेल, तेवढ्या उष्णतेत सुमारे तीन टन बर्फ वितळेल. सहा तासांत हे करायचं तर साधारण १४ टनांचं यंत्र हवं. इथला टन वजनाचा नाही. एक टन म्हणजे एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळवायला लागणारी उष्णता ज्या वेगाने उपसली जाते तो वेग. बर्फाच्या व्यापाराचा काळ संपला तरी त्याचं माप राहून गेलं. घरातला दीड टनाचा एसी याच मापाने मोजतात, म्हणजे द्राक्षांच्या या खोलीला तशा नऊ-दहा एसींची ताकद लागली. शिवाय भिंतीतून आणि दारातून येणारी उष्णता वेगळी.

पण फक्त गार करून भागत नाही. गार पाइपावर हवेतली वाफ थेंब होऊन बसते, हे आपण सिलिंडरवर पाहिलं. कोल्ड स्टोरेजमध्ये तसं झालं तर हवा कोरडी पडेल आणि ती द्राक्षांतलं पाणी शोषून घेईल. म्हणून तिथले कॉइल, म्हणजे गार पाइपांची वेटोळी, आकाराने मोठे घेतात आणि हवेपेक्षा अगदी थोडेच गार ठेवतात. हवेतली आर्द्रता ९० ते ९५ टक्के सांभाळायची आणि तापमान शून्याच्या जवळपास. शून्याखाली अर्धा-एक अंश गेलं तरी द्राक्ष गोठत नाही, कारण मण्यातल्या साखरेमुळे त्याचा गोठणबिंदू उणे दोनच्या आसपास सरकलेला असतो. बुरशी मात्र इतक्या थंडीतही हळूहळू वाढू शकते. तिला रोखायला पेटीत एक कागद ठेवतात. त्यातून सल्फर डायऑक्साइड थोडा थोडा सुटत राहतो.

इथून माल रीफर कंटेनरमध्ये, म्हणजे आतून गार राहणाऱ्या कंटेनरमध्ये चढतो आणि न्हावा शेवा बंदरातून युरोपकडे निघतो. कंटेनरलाही स्वतःचा कॉम्प्रेसर असतो, पण त्याचं काम गार माल गार ठेवणं एवढंच. गरम माल भरला तर तो पेटीच्या पोटातली उष्णता वेळेत काढू शकत नाही. म्हणून पॅकहाउसमधले ते सहा-आठ तास पुढच्या कित्येक आठवड्यांचा समुद्रप्रवास ठरवतात. मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये आयसोब्युटेनऐवजी अनेकदा अमोनिया असतो. तो उणे ३३ अंशांना उकळतो, पुष्कळ उष्णता उचलतो आणि जरासा गळला तरी त्याच्या उग्र वासाने लगेच कळतं.

तोडलेल्या द्राक्षाला थंडी हवी, पण वेलीवरच्या द्राक्षाला तीच नकोशी. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कधी कधी पाच अंशांच्या खाली घसरतो, तेव्हा मण्यांची वाढ खुंटते, मणी तडकतात. शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने विहिरीचं पाणी सोडतात. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असतं आणि मुळांपाशी थोडी उष्णता पोहोचवतं.

आणि कांद्याला तर कॉम्प्रेसर लागतच नाही. लासलगावच्या पट्ट्यात उन्हाळ कांदा महिनोन्‌महिने कांदाचाळीत राहतो. चाळ जमिनीपासून वर उचललेली असते आणि बाजूंना फटी असतात. कांदा टिकतो तो एकतर शून्याच्या जवळ किंवा मग २५ ते ३० अंशांच्या कोरड्या, खेळत्या हवेत. मधल्या तापमानात त्याला कोंब फुटतात, आणि कोल्ड स्टोरेजमधून बाहेर काढल्यावरही तो लवकर कोंब धरतो. तुमच्या फ्रीजमधले चार-दहा अंश म्हणजे नेमकं ते मधलं तापमान, वर आतला ओलावा. तेव्हा घरातले अख्खे कांदे फ्रीजमध्ये असतील तर ते बाहेर काढून जाळीच्या टोपलीत ठेवा, खालूनही वारा लागेल असे.